७० हजार कोटी आणि यावलचा रानपिंगळा

संवर्धनाच्या अर्थकारणावर सिनॉप्सिस लिहायला घेतली की पहिल्या पानावर हमखास एक आकडा येतो. भारत जैवविविधतेवर वर्षाला सुमारे ७०,००० कोटी रुपये खर्च करतो आणि गरज आहे सुमारे १,०९,००० कोटींची. हा आकडा केंद्र सरकारने २०१८ च्या डिसेंबरात जैविक विविधता कराराला सादर केलेल्या सहाव्या राष्ट्रीय अहवालातला आहे. त्याच्या पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: म्हणजे ३९,००० कोटींची तूट. मग २०२२ चा कुनमिंग-मॉन्ट्रियल आराखडा येतो, वर्षाला ७०० अब्ज डॉलरची जागतिक तूट येते, आणि ‘संशोधनाची गरज’ हा मुद्दा झाला म्हणून आपण पुढच्या पानावर जातो.

आज या एका वाक्याची चिरफाड करायची आहे. कारण ‘सरकारने संरक्षित क्षेत्रांना पैसा कसा पुरवावा’ या विषयावर पीएचडी करायची असेल आणि पहिल्याच पानावर हा आकडा न तपासता उतरवला असेल, तर पुढची चार वर्षं चुकीच्या प्रश्नामागे जाऊ शकतात.

अहवालातले शब्द नीट वाचा. केंद्र आणि राज्य सरकारांच्या अनेक विकास योजनांमधून ‘प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष’ होणारा खर्च, असं तिथे म्हटलंय. सगळी गोम त्या ‘अप्रत्यक्ष’मध्ये आहे. वनविभागाचा वन्यजीव खर्च त्यात आहेच, पण शेती, ग्रामविकास, जलसंधारण अशा खात्यांच्या योजनांचा काही हिस्साही जैवविविधतेच्या नावावर धरलेला असतो. तो हिस्सा किती धरायचा हे कुणीतरी टेबलावर बसून ठरवतं. यात लबाडी नाही. जगभरात अशी मोजदाद याच पद्धतीने होते. पण परिणाम बघा. धुळे जिल्ह्यातल्या एखाद्या गवताळ माळावर सलग समतल चर खोदले, त्यात रोपं लावली, तर तो खर्च जमेच्या बाजूला जातो. गवताळ परिसंस्थेचा अभ्यास करणारा माणूस म्हणेल की इथे पवन्या आणि मारवेलची मुळं उपटून माळ मोडला. खर्च तोच, पण एकाच्या वहीत संवर्धन आणि दुसऱ्याच्या वहीत नुकसान.

मग हा आकडा निरुपयोगी का? तसं नाही. करारातल्या इतर देशांना ‘आम्ही इतकं करतो’ हे सांगायला तो ठीक आहे. तुमच्या प्रश्नाला मात्र तो उत्तर देत नाही. माझ्या मते विचारायला हवं ते वेगळं आहे: पैसा कोणत्या मापाने मोजून निघतो, आणि कोणत्या टेबलावर येऊन थांबतो? हे दोन प्रश्न घेऊन जळगाव आणि धुळ्यात फिरून येऊ. खान्देशच का? एक तर मला हा भाग माहीत आहे. दुसरं म्हणजे संवर्धनाच्या अर्थशास्त्रात ताडोबा, कान्हा, पेरियार यांच्यावरच इतकं लिहिलं गेलंय की देशातली बहुसंख्य, बिननावाची अभयारण्यं कशावर जगतात याकडे फारसं लक्षच जात नाही.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात. जळगावच्या उत्तरेला, मध्य प्रदेशाच्या सीमेला लागून सातपुड्यात यावल अभयारण्य आहे. १९६९ मध्ये घोषित, क्षेत्र १७७.५२ चौरस किलोमीटर. साग, सालई, अंजन यांचं कोरडं पानगळीचं जंगल. आत आणि भोवती पावरा, बारेला, तडवी भिल्ल यांचे पाडे. पश्चिमेला धुळ्याच्या शिरपूर तालुक्यात अनेर धरणाभोवतीचं अनेर अभयारण्य, १९८६ चं, ८२.९४ चौरस किलोमीटर. आणि पूर्वेला मुक्ताईनगर तालुक्यात, वढोदा वनक्षेत्रात, मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव, १२२.७४ चौरस किलोमीटर. तिन्ही मिळून चारशे चौरस किलोमीटरही भरत नाहीत.

यावलमध्ये एक पक्षी आहे, रानपिंगळा. १८८४ नंतर ११३ वर्षं त्याची खात्रीशीर नोंद नव्हती. पक्षी संपला असंच धरलं गेलं होतं. १९९७ च्या नोव्हेंबरात पामेला रासमुसेन आणि तिच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ, म्हणजे जुन्या धुळे जिल्ह्यातच, पुन्हा दिसला. नंतरच्या सर्वेक्षणांत तो यावलमध्येही सापडला. त्याला फार दाट रान लागत नाही, मोकळंसं सागाचं कोरडं जंगल त्याला मानवतं. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिलं माप वाघ. व्याघ्र प्रकल्प १९७३ चा. महाराष्ट्रात सहा व्याघ्र प्रकल्प आहेत, खान्देशात एकही नाही. व्याघ्र प्रकल्प असला की केंद्राच्या योजनेचा पैसा येतो, शिवाय २००६ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक प्रकल्पाला स्वतःचं व्याघ्र संवर्धन फाउंडेशन मिळतं. प्रवेश शुल्काचा पैसा तिथेच राहू शकतो, तिथल्याच गावांवर आणि जंगलावर खर्च होऊ शकतो. साध्या अभयारण्याला मिळतो तो ‘वन्यजीव अधिवासांचा एकात्मिक विकास’ या योजनेतला वाटा, आणि त्या योजनेत देशभरची अभयारण्यं रांगेत उभी असतात. मुक्ताई-भवानीची गंमत तर आणखी वेगळी. तिथे वाघ आहेत. डोलारखेडा, चारठाणा ही नावं जळगावच्या वर्तमानपत्रांत वाघामुळेच येतात. पण ते संवर्धन राखीव आहे, व्याघ्र प्रकल्प नाही. त्यामुळे फाउंडेशन नाही आणि जिप्सी सफारीचं तिकीटही नाही. म्हणजे वाघ मोजायचं माप वाघालाही लागू पडेलच असं नाही, कारण ते माप खरं तर व्याघ्र प्रकल्पाची सीमा मोजतं. रानपिंगळ्याचा तर विषयच नको.

दुसरं माप वनाच्छादन. इथे जरा थांबू, कारण या विषयावरचं सध्याचं आंतरराष्ट्रीय लेखन बहुतांश इथेच भरलंय आणि त्यात भारताचं उदाहरण कौतुकाने दिलं जातं. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५-२० साठी राज्यांना केंद्रीय करांचा हिस्सा वाटताना वनाच्छादनाला ७.५ टक्के वजन दिलं. पंधराव्या आयोगाने ते १० टक्क्यांवर नेलं. रक्कम म्हणून ही प्रचंड आहे. जगात दुसऱ्या कुठल्याही देशाने जंगलाच्या नावाने राज्यांना इतका पैसा वाटलेला नसेल असं अभ्यासक म्हणतात. यालाच परिसंस्थेवर आधारित वित्तीय हस्तांतरण म्हणतात. (भाषांतर जड आहे, पण मूळ शब्दही काही हलका नाही.)

आता मापाकडे बघा. चौदाव्या आयोगाने एकूण वनाच्छादन धरलं. पंधराव्याने फक्त दाट वन धरलं, म्हणजे भारतीय वन सर्वेक्षणाच्या वर्गीकरणातलं ‘अति दाट’ आणि ‘मध्यम दाट’, ज्यात झाडांच्या शेंड्यांचं छत ४० टक्के किंवा त्याहून जास्त असतं. १० ते ४० टक्के छताचं ‘विरळ वन’ सूत्राबाहेर गेलं. १० टक्क्यांखालचं झुडपी रान आणि गवताळ माळ तर आधीपासूनच बाहेर होते. खान्देशात हे कुठे जाऊन लागतं ते तुमच्या लक्षात आलंच असेल. सातपुड्याच्या या कोरड्या उतारांवर बरंचसं जंगल विरळच आहे. काही निसर्गतः, काही तोडीमुळे. रानपिंगळ्याला चालणारं मोकळं रान आणि पंधराव्या आयोगाच्या सूत्रात गुण मिळवणारं रान, यांच्यामध्ये ४० टक्क्यांची रेघ होती. ‘घनता वाढली म्हणजे संवर्धन झालं’ हे गृहीतक तुमच्या प्रबंधात नकळत शिरलं असेल तर ते आधी शोधून काढा.

आणि टेबल? पैसा राज्याच्या तिजोरीत थांबतो. तो वनविभागालाच द्यावा अशी अट नाही, मग यावलच्या परिक्षेत्र कार्यालयापर्यंत पोचण्याचा प्रश्नच वेगळा. जोना बुश, अवनी कपूर आणि अनित मुखर्जी यांचा २०२० चा पेपर याच प्रश्नावर आहे: या हस्तांतरणामुळे राज्यांची वनखात्याची बजेटं वाढली का? ज्या राज्यांना सूत्राचा जास्त फायदा झाला त्यांनी वनावरचा खर्च त्या प्रमाणात वाढवल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही.

हा पेपर जरूर वाचा, पण त्याच्यावर एक आक्षेप मनात ठेवून वाचा. आयोगाचा तर्क भरपाईचा होता. जंगल राखल्यामुळे त्या जमिनीवर राज्याला दुसरं काही करता येत नाही, त्या गमावलेल्या संधीचा मोबदला. मोबदला घेणारा तो कुठे खर्च करायचा हे स्वतः ठरवतो. मग त्याने तो जंगलावर का खर्च केला नाही, हे विचारून सूत्राला नापास करणं कितपत बरोबर? याच्या आधी बाराव्या आयोगाने १,००० कोटी आणि तेराव्याने ५,००० कोटी वनांसाठी वेगळं अनुदान म्हणून दिले होते. तेराव्याने तर पुढच्या हप्त्यांना वनांच्या कार्य आयोजनांची अट घातली होती. म्हणजे आपण लहान, बांधलेल्या पैशाकडून मोठ्या, मोकळ्या पैशाकडे आलो. कोणतं बरं? माझं मत विचाराल तर राज्याच्या पातळीवर मोकळा पैसा चालेल, पण राज्यापासून जिल्ह्यापर्यंत आणि तिथून गावापर्यंत तसंच काही सूत्र हवं. ते महाराष्ट्रात नाही. ब्राझीलच्या पाराना राज्यात १९९१ च्या कायद्याने हेच झालं. राज्याच्या विक्रीकरातला नगरपालिकांचा जो हिस्सा असतो, त्यातला काही भाग संरक्षित क्षेत्रं आणि पाणलोट यांच्यावरून वाटला जातो. क्षेत्राबरोबर त्याची राखण कशी आहे याचेही गुण धरले जातात. समजा असं सूत्र रावेर, यावल, चोपडा, शिरपूर तालुक्यांसाठी लावलं, तर कुणाला काय मिळेल? हे गणित एका एमएससीच्या प्रबंधात करता येण्यासारखं आहे आणि मी तरी ते अजून कुठे वाचलेलं नाही.

तिसरं माप तोड. भरपाई वनीकरण निधी, ज्याला सगळे कॅम्पा म्हणतात. जंगलाची जमीन खाणीला, रस्त्याला, धरणाला दिली की घेणाऱ्याने तिचं निव्वळ वर्तमान मूल्य भरायचं. २००८ मध्ये हे दर हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये होते, २०२२ मध्ये ते ९.५७ लाख ते १५.९५ लाख झाले. अभयारण्यातली जमीन असेल तर पाचपट, राष्ट्रीय उद्यानातली असेल तर दहापट. २०१६ मध्ये कायदा झाला आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये साठलेले ४७,४३६ कोटी रुपये राज्यांकडे गेले, त्यात महाराष्ट्राचे सुमारे ३,८४४ कोटी. रक्कम ऐकून कुणीही खूश होईल. पण यावलच्या एका हेक्टरला या पद्धतीत किंमत कधी येते? तो हेक्टर जातो तेव्हा. जोवर उभा आहे तोवर त्याचा दर शून्य. आणि आलेला पैसा जास्त करून रोपवनाकडे वळतो, कारण खड्डे आणि रोपं मोजता येतात. वणवा लागला नाही, चोरतोड झाली नाही, हे मोजायचं कसं? पैसा एकदा आला की तो कशावर जाईल याचीही शाश्वती नसते. उत्तराखंडच्या कॅम्पावर २०२५ मध्ये विधानसभेत मांडलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात आयफोन आणि फ्रिजच्या खरेदीचीही नोंद आहे.

मध्येच मूल्यमापनाच्या अभ्यासांबद्दल दोन शब्द, कारण तुमच्यापैकी निम्मे त्याच वाटेने जाणार आहेत. भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेने २०१५ मध्ये सहा व्याघ्र प्रकल्पांचं आर्थिक मूल्य काढलं. वर्षाला सुमारे ८३० कोटी ते १,७६० कोटी रुपयांच्या सेवा, असं उत्तर आलं. काम मेहनतीचं आहे, पद्धत उघड मांडलेली आहे. पण नंतर लोक काय करतात? तिथला हेक्टरी दर उचलतात, आपल्या अभयारण्याच्या क्षेत्राने गुणतात आणि ‘यावलचं मूल्य’ म्हणून छापतात. कान्ह्याच्या सालवनाचा दर यावलच्या अंजनाला कसा लागेल? आणि समजा बरोबर निघाला, तरी मूल्य म्हणजे उत्पन्न नव्हे. ते कुणाच्या तरी वहीत जमा व्हावं लागतं. त्यासाठी सेवा घेणारा कोण आणि तो पैसे कुणाला देणार, हे दोन्ही सापडायला हवेत.

यावलच्या बाबतीत सेवा घेणारा शोधायला लांब जावं लागत नाही. अभयारण्याच्या खालीच रावेर-यावलचा केळीपट्टा आहे. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ही केळी तापीच्या गाळाच्या जमिनीत आणि भूजलावर वाढते, आणि त्या भूजलाचं पुनर्भरण मोठ्या प्रमाणात सातपुड्याच्या पायथ्याच्या दगडगोट्यांच्या पट्ट्यातून होतं. भूवैज्ञानिक त्याला बझाडा म्हणतात. वरून सुकी, अनेर अशा नद्या उतरतात आणि या पट्ट्यात पाणी मुरतं. आता तीन खर्च शेजारी शेजारी ठेवा. एक, २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना राज्य सरकार मोफत वीज देतं. दुसरा, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाने २०२५ च्या मे महिन्यात तापी मेगा रिचार्जचा करार केला, अंदाजित खर्च १९ हजार कोटींच्या घरात. तिसरा, ज्या उतारांवरून हे पाणी येतं ते राखण्यासाठी अभयारण्याला मिळणारी रक्कम. पहिल्या खर्चाने उपसा वाढतो, दुसऱ्याने उपसलेलं भरून काढायचं, आणि तिसरा या दोघांच्या चर्चेतच नाही.

शेतकऱ्यावर बोट ठेवायचा इथे हेतू नाही. खान्देशात केळीचा भाव एका आठवड्यात कसा कोसळतो हे ज्याने पाहिलंय तो फुकट विजेवर शहरातून टीका करणार नाही. पण कुनमिंग-मॉन्ट्रियल आराखड्यात एक उद्दिष्ट निसर्गाला घातक अनुदानं २०३० पर्यंत वर्षाला ५०० अब्ज डॉलरनी कमी करण्याचं आहे, आणि नव्या निधीचं उद्दिष्ट वर्षाला २०० अब्जांचं. म्हणजे तूट भरण्याचा मोठा भाग नवा पैसा आणून नाही, जुना पैसा वळवून भरायचा आहे. हे वाक्य पेपरात लिहायला सोपं आहे. ते रावेर तालुक्यात कसं लागू होईल, कुणाचं बिल किती वाढेल आणि त्याला मोबदल्यात काय मिळेल, हे लिहायला कुणी बसत नाही. कोस्टारिकाने १९९६ च्या वनकायद्यानंतर इंधनावरच्या कराचा एक हिस्सा जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना देण्यासाठी बाजूला काढला. तिथे जमीन बरीचशी खाजगी होती, म्हणून देणारा-घेणारा ठरवणं सोपं गेलं. यावलमध्ये जमीन सरकारची, वनहक्क कायद्याने दावे गावांचे, पाणी खालच्या तालुक्यांचं. इथे तीच योजना उचलून आणली तर पैसा कुणाला द्यायचा यावरच ती अडेल.

एक सावधगिरीही. ‘जंगल वाढलं की भूजल वाढतं’ असं सरळ लिहू नका. कोरड्या प्रदेशात दाट रोपवन स्वतःच बरंच पाणी पिऊ शकतं. तुम्ही अर्थशास्त्राचे असाल तर भूगर्भशास्त्र विभागातला मित्र गाठा. जळगावच्या विद्यापीठात या पट्ट्यावर बोलू शकणारी माणसं मिळतील.

आता धुळ्याकडे. साक्री तालुक्यातलं बारीपाडा तुम्ही ऐकलं असेल. चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून गावाने जंगल राखलं, तोडीला दंड लावला, राखणदार नेमले, २००४ पासून वनभाज्यांची स्पर्धा सुरू केली. धुळे तालुक्यातल्या लामकानीत डॉ. धनंजय नेवाडकर आणि गावकऱ्यांनी कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळून माळावर गवत परत आणलं. या दोन्ही गावांवर लेख पुष्कळ आहेत आणि बहुतेक सगळे कौतुकाचे आहेत. कौतुक व्हायलाच हवं. पण संशोधक म्हणून वाचताना मला एक गोष्ट खटकते. ‘लोकसहभाग’ हा शब्द आला की खर्चाचा रकाना रिकामा सुटतो. राखणदाराचं धान्य कुणी दिलं? बायकांना सरपणासाठी किती लांब जावं लागलं आणि किती वर्षं? लामकानीच्या माळावर चराई बंद झाली तेव्हा धुळे-साक्रीकडचे ठेलारी मेंढपाळ कळप घेऊन कुठे गेले? हे खर्च सरकारी बजेटमध्ये शून्य दिसतात, म्हणून ‘कमी खर्चाचं मॉडेल’ असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात खर्च झालेला आहे, फक्त तो गावाने अंगावर घेतलाय. ७० हजार कोटींच्या हिशोबात जलसंधारणाचा चर आहे, पण रात्री रान राखणाऱ्या म्हाताऱ्याची मजुरी नाही.

असं असताना गावाच्या टेबलावर थांबणारा एक पैसा महाराष्ट्रात आहे, आणि संवर्धन-वित्ताच्या पेपरांत त्याचं नाव क्वचितच दिसतं. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेच्या निधीपैकी ५ टक्के रक्कम अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट, लोकसंख्येच्या प्रमाणात मिळते. ती ग्रामसभा कोषात जाते. ज्या कामांवर ती वापरता येते त्यांत वनीकरण, वन्यजीव संवर्धन, जलसंधारण, वन उपजीविका ही कामं स्पष्ट लिहिलेली आहेत. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, साक्री या तालुक्यांतली कितीतरी गावं यात येतात. आणि वनहक्क कायद्याच्या कलम ५ ने ग्रामसभेला वन्यजीव आणि जैवविविधता राखण्याचा अधिकार दिलेला आहेच. अधिकार आणि पैसा एकाच टेबलावर असण्याचं असं उदाहरण दुसरं मला माहीत नाही.

या पैशाचं मापही अपुरं आहे, हे खरं. लोकसंख्या मोजली की मोठ्या रानाच्या काठच्या छोट्या पाड्याला थोडं मिळतं, आणि पाडा स्वतंत्र ग्रामपंचायत नसेल तर तोही वाटा मुख्य गावात अडकण्याची भीती असते. लामकानी अनुसूचित क्षेत्रात नाही, त्यामुळे तिला हे लागूच नाही. शिवाय गाव हा पैसा आधी रस्त्यावर आणि अंगणवाडीच्या भिंतीवर खर्च करेल, आणि त्याला आपण चूक म्हणू शकत नाही. पण २०१५ पासूनचे ग्रामसभा कोषाचे खर्च घेऊन, लोकसंख्येऐवजी राखलेल्या वनक्षेत्राला थोडं वजन दिलं तर वाटप कसं बदलेल, हे काढून बघा. वित्त आयोगाने राज्यांसाठी केलं तेच गावांसाठी करून बघायचं आहे.

गावाच्याच पातळीवर जैवविविधता समित्या आणि लोकजैवविविधता नोंदवह्याही आहेत. पण हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत आणि त्यानंतर महिन्याला १० लाखांच्या भरपाईची तंबी दिल्यावर देशभरात या नोंदवह्या घाईघाईने पुऱ्या झाल्या. त्यांचा डेटा वापरणार असाल तर वहीवरची तारीख आधी बघा आणि शेजारच्या गावाची वही शब्दशः तीच नाही ना हेही तपासा.

सुरुवात कुठून करायची असं विचाराल, तर राज्याच्या बजेटमध्ये लेखाशीर्ष २४०६ काढा. वने आणि वन्यजीव. त्यातलं ०२ हे उपशीर्ष पर्यावरणीय वनीकरण आणि वन्यजीवांचं. ‘बीम्स’ या राज्याच्या संकेतस्थळावर तरतूद किती आणि वितरण किती हे बघता येतं. पण तिथे यावल किंवा अनेर असं नाव सापडणार नाही. त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागेल, तोही प्रत्येक क्षेत्रासाठी वेगळा. अर्जात मंजूर रक्कम आणि खर्च सगळेच मागतात. तुम्ही निधी कोणत्या महिन्यात हातात पडला तेही मागा. महाराष्ट्रात वणव्यांचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून धरतात. जाळरेषा त्याच्या आधी साफ व्हाव्या लागतात, आणि मार्चअखेरीस आलेला पैसा त्या कामाचा नसतो.